लुई पाश्चर आणि सृष्टीचा डावा-उजवा हात

हिंजवडी म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या काचेच्या उंच इमारती, संगणकासमोर बसलेली तरुण पिढी आणि सकाळ-संध्याकाळ मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहनांची रांग. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र ‘आयटी’च्या शेजारी ‘बीटी’, म्हणजे जैवतंत्रज्ञानही नांदते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. एम्क्युअर ही औषध कंपनी तेथलीच. रक्तदाबाच्या रुग्णांना अ‍ॅम्लोडिपिन हे औषध चांगले परिचयाचे आहे. या औषधाचे रेणू दोन रूपांत तयार होतात आणि ती रूपे डाव्या व उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. रक्तदाब उतरवण्याचे काम त्यांतील एकच रूप करते. एम्क्युअरने तेवढेच रूप वेगळे काढलेली गोळी भारतीय बाजारात आणली. जिथे मिश्र औषध ५ मिलिग्रॅम घ्यावे लागे, तिथे या शुद्ध रूपाचे २.५ मिलिग्रॅम पुरते.

रेणूंनाही डावे-उजवेपण असते, हे जगाला प्रथम दाखवून दिले ते पंचवीस वर्षांच्या एका फ्रेंच तरुणाने, १८४८ साली. त्याचे नाव लुई पाश्चर. दूध निर्जंतुक करण्याच्या पद्धतीमुळे आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लसीमुळे पाश्चर यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांच्या कर्तृत्वाचा उगम जंतूंमध्ये नव्हे, तर चिमूटभर स्फटिकांमध्ये आहे. सजीव सृष्टी एकाच हाताची असते, ही त्या स्फटिकांतून त्यांना गवसलेली जाणीव त्यांनी जन्मभर सोबत बाळगली. त्या नियमाचा एक विलक्षण अपवाद त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी अंडी घालणाऱ्या एका सस्तन प्राण्याच्या विषात सापडला. पाश्चर यांचे चरित्र त्या अपवादापर्यंत नेऊन पाहिले, तरच त्यांच्या पहिल्या शोधाची खोली ध्यानात येते.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील ज्युरा प्रांतात, दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातील निवृत्त सार्जंट. युद्धानंतर त्यांनी कातडी कमावण्याचा घरचा व्यवसाय पुन्हा हाती घेतला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी येऊन स्थिरावले. शाळेत लुई सामान्य विद्यार्थी होता. त्याचा हात रमत असे तो चित्रांत. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने काढलेली रंगीत खडूंतील व्यक्तिचित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. चेहऱ्याच्या दोन बाजूंमधला बारीक फरक टिपणारी ही नजर पुढे वेगळ्याच क्षेत्रात कामी येणार होती.

पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी त्याला पॅरिसला पाठवण्यात आले. घरच्या ओढीने तो इतका व्याकूळ झाला की थोड्याच दिवसांत वडिलांना त्याला परत आणावे लागले. पुढे बझांसों येथे त्याने पदवीपूर्व परीक्षा दिल्या. त्यात रसायनशास्त्रातील त्याची श्रेणी जेमतेम होती. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला तो उत्तीर्ण झाला, पण क्रमांक खालचा आला. तेव्हा मिळालेला प्रवेश नाकारून त्याने आणखी एक वर्ष अभ्यास केला आणि १८४३ साली वरच्या क्रमांकाने प्रवेश मिळवला. मिळाले त्यात समाधान न मानण्याचा हा हट्ट त्याच्या स्वभावाचा कायमचा भाग होता.

चिंचेतले आम्ल आणि एक कोडे

पुढे पाश्चर ब्रोमीन या मूलद्रव्याचे शोधक बालार यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. विषय होता टार्टारिक आम्ल. मद्याच्या पिंपांच्या तळाशी साचणाऱ्या खड्यांतून हे आम्ल मिळते. मराठी घराला ते परके नाही. चिंचेचा आंबटपणा मुख्यत: याच आम्लाचा. पिंपरी-चिंचवड या जोडनावातील चिंचवडचा संबंध लोक चिंच आणि वड यांच्याशी जोडतात. म्हणजे पाश्चर यांच्या प्रयोगाचा कच्चा माल या परिसराच्या नावातच आहे, असे गमतीने म्हणता येईल.

या आम्लाचे एक कोडे तेव्हा युरोपातील रसायनशास्त्रज्ञांना छळत होते. प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी थरथरत असतात. विशिष्ट स्फटिकातून गाळून त्यांना एकाच पातळीत थरथरायला लावता येते. असा प्रकाश साखरेच्या द्रावणातून गेला, तर त्याची पातळी उजवीकडे वळते. द्रवांचा हा गुण बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली शोधून काढला होता. द्राक्षांपासून मिळालेले टार्टारिक आम्लही प्रकाश उजवीकडे वळवी. परंतु थान येथील एका कारखान्यात कधीतरी अपघाताने तयार झालेले दुसरे एक आम्ल, ज्याला रेसिमिक आम्ल हे नाव मिळाले, प्रकाशाला मुळीच वळवत नसे. रासायनिक घटक तेच, प्रमाण तेच. मित्शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने तर या दोन्ही आम्लांच्या सोडियम-अमोनियम क्षारांचे स्फटिकसुद्धा सारखेच असल्याचे १८४४ साली जाहीर केले होते. सर्व बाबतींत सारखे असलेले दोन पदार्थ प्रकाशाशी वेगळे कसे वागतात, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

पाश्चर यांनी ते स्फटिक स्वत: तयार करून भिंगाखाली ठेवले. टार्टारिक आम्लाच्या प्रत्येक स्फटिकाला एक लहानसा तिरपा पैलू होता आणि तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला असे. रेसिमिक आम्लाच्या स्फटिकांत असा पैलू नसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो होता. मात्र काही स्फटिकांत तो उजवीकडे होता, तर काहींत डावीकडे. मित्शरलिखसारख्या जाणत्या माणसाच्या नजरेतून निसटलेली गोष्ट चित्रकाराच्या डोळ्याने पकडली.

मग त्यांनी चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले, एक उजव्यांचा आणि एक डाव्यांचा. दोन्हींची वेगवेगळी द्रावणे केली. उजव्या ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला. डाव्या ढिगाच्या द्रावणाने तो तेवढाच डावीकडे वळवला. दोन्ही समप्रमाणात मिसळली, तेव्हा प्रकाश सरळ गेला. कोडे सुटले होते. रेसिमिक आम्ल हा निराळा पदार्थ नव्हता. एकमेकांना निष्प्रभ करणाऱ्या डाव्या-उजव्यांचे ते समसमान मिश्रण होते. आनंदाने भान हरपलेले पाश्चर प्रयोगशाळेतून धावत बाहेर पडले आणि समोर भेटलेल्या सहकाऱ्याला त्यांनी कडकडून मिठी मारली, अशी आठवण सांगितली जाते.

या यशात दैवाचाही वाटा होता. या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक वेगवेगळे तयार होतात ते तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच. त्यावर दोन्ही रूपे एकाच स्फटिकात मिसळून बसतात. हाच प्रयोग हिंजवडीत मे महिन्यातल्या दुपारी, पंख्याखाली केला असता, तर हाती काही लागले नसते. पॅरिसची थंड हवा पाश्चर यांच्या बाजूने उभी राहिली.

बियो तेव्हा ७४ वर्षांचे होते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारे ते नव्हते. त्यांनी स्वत:जवळचे रेसिमिक आम्ल पाश्चर यांना दिले, आपल्या डोळ्यांदेखत क्षार बनवायला लावला, स्फटिक आपल्या ताब्यात ठेवले आणि डाव्या ढिगाचे द्रावण स्वत: तपासले. प्रकाश डावीकडे वळलेला पाहून या वृद्ध शास्त्रज्ञाचे डोळे पाणावले. त्या दिवसापासून बियो पाश्चर यांचे पाठीराखे झाले. त्याच १८४८ च्या मे महिन्यात पाश्चर यांच्या आईचे निधन झाले. आयुष्यातील पहिले मोठे यश आणि पहिले मोठे दु:ख एकाच महिन्यात त्यांच्या वाट्याला आले.

आरशापलीकडचा रेणू

दोन्ही तळहात जोडून नमस्कार केला तर बोटाला बोट जुळते. पण एक तळहात तसाच उचलून दुसऱ्यावर ठेवला, तर अंगठे विरुद्ध बाजूंना जातात. डाव्या पायाची वहाण उजव्या पायात नीट बसत नाही, त्याचे कारण हेच. डावे-उजवेपण स्फटिकातच नाही, तर रेणूच्या रचनेतच असले पाहिजे, हे पाश्चर यांनी ताडले. त्यामागील भूमिती १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे उलगडली. कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट चार कोपऱ्यांत जोडलेले असतील, तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होते आणि त्या दोन मांडण्या एकमेकींची प्रतिबिंबे असतात.

हा फरक आपल्या नाकालाही कळतो. पुदिन्याच्या वासातील कार्व्होन आणि बाळंतशेपांच्या वासातील कार्व्होन हे एकाच रेणूचे डावे आणि उजवे रूप आहे. घटक एकच, पण वास इतका निराळा की एकाच्या जागी दुसरे कोणतीही गृहिणी वापरणार नाही. कारण वास ओळखणारी आपल्या नाकातील प्रथिने स्वत:च एका हाताची आहेत. डाव्या हातमोज्यात डावाच हात बसावा, तसे हे आहे.

१८४९ साली पाश्चर स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक झाले आणि तेथील रेक्टरांची कन्या मारी लोरां हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीचे कामाचे वेड मारीने आरंभापासून स्वीकारले. त्यांच्या तोंडून ऐकून शोधनिबंधांचे लेखन करणारी, प्रयोगांच्या नोंदी समजून घेणारी अशी ती सहचारिणी होती.

या काळात पाश्चर यांना एका विचाराने झपाटले होते. प्रयोगशाळेत बनवलेल्या पदार्थांत डावे आणि उजवे रेणू सारख्या संख्येने तयार होतात. सजीव मात्र बहुधा एकच बाजू निवडतात. मग सजीव आणि निर्जीव यांच्यामधली सीमारेषा हीच तर नव्हे? हे एकहातीपण विश्वातील एखाद्या शक्तीमुळे आले असावे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी प्रबळ चुंबकांच्या सान्निध्यात स्फटिक वाढवून पाहिले. घड्याळाच्या यंत्रणेने रोपे फिरवली. आरशाच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाची दिशा उलटी करून वनस्पतीचे रेणू उलटतात का, हेही पाहिले. काहीच उलटले नाही. मित्रांनी त्यांना या नादापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. प्रयोग फसले, परंतु प्रश्न खोटा नव्हता.

बुरशीची निवड

१८५४ साली पाश्चर लील येथील विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. तेथे बीटपासून मद्यार्क बनवणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे वारंवार नासत होती. त्याने पाश्चर यांच्याकडे मदत मागितली. किण्वन ही केवळ रासायनिक विघटनाची क्रिया आहे, असे तेव्हाचे थोर रसायनशास्त्रज्ञ मानत. पाश्चर यांना मात्र किण्वनातून निघणारा एक पदार्थ प्रकाश वळवतो, हे ठाऊक होते. जिथे एकाच हाताचे रेणू तयार होतात, तिथे सजीव असलाच पाहिजे, हा त्यांचा तर्क. सूक्ष्मदर्शकाने तो खरा ठरवला. अशा रीतीने स्फटिकांची वाट त्यांना थेट सूक्ष्मजीवांच्या दारात घेऊन आली.

याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. रेसिमिक आम्लाच्या क्षाराच्या द्रावणात पेनिसिलियम जातीची बुरशी वाढली. सुरुवातीला प्रकाश न वळवणारे ते द्रावण दिवसेंदिवस डावीकडे वळवू लागले. बुरशीने उजवे रेणू खाऊन टाकले होते आणि डावे तसेच सोडले होते. चिमट्याने केलेली निवड येथे एक क्षुद्र जीव तोंडाने करत होता.

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. १८५७ साली पाश्चर पॅरिसला एकोल नॉर्मालमध्ये परतले आणि पोटमाळ्यावरील एका अडचणीच्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला रस कितीही दिवस ठेवला तरी नासत नाही, हे दाखवून त्यांनी सजीव आपोआप निर्माण होतात या जुन्या समजुतीला धक्का दिला. त्याबद्दल १८६२ साली त्यांना विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. मद्य सौम्य तापवून टिकवण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि ती पुढे दुधासाठी जगभर रूढ झाली. १८६५ पासून पाच वर्षे रेशीमकिड्यांच्या रोगांवर काम करून त्यांनी फ्रान्सच्या रेशीम व्यवसायाला सावरले.

मात्र हीच वर्षे घरात काळोख पसरवणारी ठरली. १८५९ साली थोरली मुलगी जान विषमज्वराने गेली. १८६५ साली वडील गेले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामीयही गेली. पुढच्या वर्षी बारा वर्षांची सेसील विषमज्वरालाच बळी पडली. पाच अपत्यांपैकी दोनच उरली. रोगजंतूंचा शोध हा पाश्चर यांच्यासाठी केवळ बौद्धिक व्यवसाय कधीच नव्हता.

१८६८ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. त्यातून ते वाचले, पण डावा हात आणि पाय पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत. डाव्या-उजव्याचा भेद जगाला शिकवणाऱ्या माणसाला उरलेली सत्तावीस वर्षे एकाच धडधाकट हातावर काढावी लागली. दुसऱ्या हाताचे काम द्युक्लो, रू, शांबरलां या शिष्यांच्या हातांनी केले. त्यांच्या नावावरील बहुतेक लशी याच काळातील आहेत.

लशींचे पर्व

१८७९ साली कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जुने, दुर्बल झालेले जंतू टोचले असता कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढे ताज्या जंतूंनाही तोंड देतात, हे ध्यानात आले. त्याच तत्त्वावर १८८१ च्या मे महिन्यात पुयी-ल-फोर या गावी फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स रोगावरील लसीचा जाहीर प्रयोग झाला. २ जून रोजी जमलेल्या लोकांनी पाहिले की लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि न टोचलेल्या मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या होत्या.

चरित्रकाराने येथे एक गोष्ट लपवू नये. पाश्चर यांच्या खासगी वह्या १९७० च्या दशकात अभ्यासकांना खुल्या झाल्या. गेरल्ड गायसन या इतिहासकाराने १९९५ साली दाखवून दिले की त्या दिवशी वापरलेली लस हवेच्या साहाय्याने दुर्बल केलेली नव्हती. शांबरलां यांनी रसायनाने तयार केलेली ती लस होती आणि पाश्चर यांनी ते जाहीरपणे सांगितले नाही. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याच्या घाईत या थोर माणसाचा पारदर्शकपणा कमी पडला. त्यामुळे लसीची उपयुक्तता कमी होत नाही, पण पाश्चर हे देव नव्हते, माणूस होते, हे स्पष्ट होते.

६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधून जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई पॅरिसला घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर हे वैद्य नव्हते. त्यांना स्वत: सुई टोचण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. डॉ. ग्रांशे यांनी त्यांच्या देखरेखीखाली सुमारे दहा दिवसांत तेरा वेळा लस टोचली. त्या रात्री पाश्चर यांना झोप लागत नसे. मुलगा वाचला. जगभरातून देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले.

या संस्थेत काम केलेल्या वाल्देमार हाफकिन यांचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन यांनी तेथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वत:च्या अंगावर टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव चालवते. पाश्चर ते पाहायला नव्हते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले होते. पुढे त्यांचे पार्थिव त्यांच्याच संस्थेच्या तळघरातील समाधीत ठेवण्यात आले.

पिंपरीची बुरशी, हिंजवडीची गोळी

पाश्चर यांच्या मृत्यूनंतर सजीवांचे एकहातीपण अधिक काटेकोरपणे सिद्ध झाले. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अ‍ॅमिनो आम्लांची बनतात, ती डाव्या गटातील. आनुवंशिक द्रव्याच्या साखळीतील शर्करा मात्र उजव्या गटातील. (ही नावे रेणूच्या रचनेवरून पडली आहेत. प्रकाश कोणत्या बाजूला वळतो, यावरून नव्हे.) जिवाणू, पिंपळ, हत्ती आणि माणूस, सर्वांचा हात एकच.

या नियमाला जिवाणूंच्या बाह्यभिंतीत मात्र एक फट आहे. ती भिंत विणताना जिवाणू अलानिन या अ‍ॅमिनो आम्लाचे उजवे रूप वापरतात. अशा दोन उजव्या अलानिनांच्या जोडीची नक्कल पेनिसिलिनचा रेणू करतो. भिंत सांधणारे विकर त्या नकलेला भुलते आणि कायमचे अडकून पडते. भिंत अपुरी राहते व जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्याने आपल्याला इजा होत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिन बनू लागले. ज्या पेनिसिलियम कुळातील बुरशीने पाश्चर यांच्यासमोर डावे-उजवे निवडले होते, त्याच कुळातील बुरशी आता पिंपरीच्या टाक्यांत औषध पिकवत होती.

डाव्या-उजव्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जगाने मोजली आहे. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले गेलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध दोन्ही रूपांचे मिश्रण होते. गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्याने दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस तेथे ते मागे घेण्यात आले. गर्भाला अपाय करण्याचा दोष त्यातील एका रूपाकडे जातो, असे पुढे दिसून आले. मात्र केवळ दुसरे रूप देऊनही धोका टळला नसता, कारण शरीरात ही रूपे एकमेकांत बदलतात. म्हणूनच प्रत्येक औषधाची दोन्ही रूपे स्वतंत्रपणे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी १९९२ साली तसे धोरणच जाहीर केले. अ‍ॅम्लोडिपिनचे एकच रूप वेगळे काढणे ही याच विचाराची पुढची पायरी.

हिंजवडीतीलच जेनोव्हा या कंपनीच्या कोविडविरोधी एम-आरएनए लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीतील वापराची परवानगी मिळाली. त्या लशीतील आरएनएची सगळी शर्करा उजव्या हाताची. तिच्या संदेशावरून शरीरात बनणारे प्रथिन सगळे डाव्या हाताचे. पाश्चर यांची दोन्ही दालने, स्फटिकांचे आणि लशींचे, येथे एका बाटलीत एकत्र येतात.

अंडी घालणाऱ्या प्राण्याचा अपवाद

आता उरला तो अपवाद. पाश्चर पॅरिसमध्ये रेबीजच्या लसीवर काम करत होते, त्याच १८८४ साली ऑस्ट्रेलियात विल्यम काल्डवेल हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ स्थानिक आदिवासींच्या मदतीने नदीकाठ धुंडाळत होता. बदकासारखी चोच, अंगावर दाट केस आणि पिल्लांना दूध पाजणारा प्लॅटिपस हा प्राणी अंडी घालतो की नाही, हा वाद युरोपात अनेक दशके चालला होता. काल्डवेलने अंडी शोधून तो मिटवला. त्याच सुमारास अॅडलेडमध्ये विल्हेल्म हाके याने एकिड्ना या काटेरी, मुंग्या खाणाऱ्या प्राण्याचेही अंडे दाखवले. प्लॅटिपसची एक आणि एकिड्नाच्या चार, अशा पाचच जातींचे अंडी घालणारे सस्तन प्राणी आज पृथ्वीवर आहेत.

डावे-उजवेपण या प्राण्यांत अनेक पातळ्यांवर दिसते. प्लॅटिपसच्या मादीचा केवळ डावा अंडाशय कार्य करतो. पक्ष्यांमध्येही बहुधा असेच असते. एकिड्नाचे मात्र दोन्ही अंडाशय कार्यक्षम असतात. पण खरे आश्चर्य रेणूंच्या पातळीवर होते. प्लॅटिपसच्या नराच्या दोन्ही मागील पायांवर विषारी नखी असते. तिचा दंश माणसाला मारत नाही, परंतु त्याच्या वेदना भयंकर आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या असतात. या विषातील एका प्रथिनसाखळीत दुसऱ्या स्थानावरील ल्युसिन हे अ‍ॅमिनो आम्ल उजव्या हाताचे असल्याचे २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले. २००५ साली दुसऱ्या एका साखळीत उजव्या हाताचे मेथिओनिन सापडले. सस्तन प्राण्याच्या प्रथिनसाखळीत अशी गोष्ट दिसण्याची ही पहिलीच वेळ होती. बेडकांच्या कातडीत आणि गोगलगायींच्या विषात ती आधीच ठाऊक झाली होती.

प्लॅटिपसची पेशी ही साखळी आधी नेहमीप्रमाणे सगळी डावी विणते. त्यानंतर एक खास विकर येते आणि टोकापासून दुसरा मणी तेवढा उलटवते. सजीवांची पाचक विकरे डाव्या मण्यांना सरावलेली असल्यामुळे उजवा मणी आला की त्यांची कात्री अडखळते. त्यामुळे विष अधिक काळ टिकत असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. याच युक्तीचा उपयोग शरीरात अधिक काळ टिकणारी प्रथिनरूप औषधे घडवण्यासाठी केला जातो.

पाश्चर यांनी सजीव-निर्जीवांमध्ये आखलेली सीमारेषा या अपवादाने पुसली जात नाही. उलट उजवा मणी उपयोगी पडतो तो बाकीचे सारे जग डावे आहे म्हणूनच. जीवसृष्टीने आरंभी हाच हात का निवडला, या प्रश्नाचे उत्तर मात्र पाश्चर यांच्या चुंबकांनी दिले नव्हते आणि आजही ते निश्चितपणे कोणाला मिळालेले नाही. दरम्यान रक्तदाबाचा रुग्ण औषधाच्या दुकानातून ती अर्ध्या मात्रेची गोळी घेऊन घरी जातो. कोणीतरी एकेकाळी चिमट्याने दोन ढीग वेगळे केले होते, हे त्याला ठाऊक नसते.